लवादप्रक्रिया आणि न्यायालये (भारत)

लवादप्रक्रिया म्हणजे वादातील पक्षांनी आपसांतील लेखी करारानुसार, न्यायालयाबाहेर, त्रयस्थ व्यक्तीकडून किंवा व्यक्तींकडून बंधनकारक निवाडा करून घेण्याची पद्धत होय. भारतात ही पद्धत मुख्यतः लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ या कायद्याने नियंत्रित होते. निवाडा न्यायालयाबाहेर होत असला तरी लवादाच्या हाती राज्यसत्तेचे बळ नसते. न येणाऱ्या साक्षीदाराला तो स्वतः हजर करवू शकत नाही आणि निवाड्याची रक्कम जप्ती आणून वसूल करू शकत नाही. या कामांसाठी न्यायालयाचे साहाय्य लागते. न्यायालयाने लवादाला हात द्यावा, पण त्याच्या जागी स्वतः बसू नये, हे या कायद्याचे सूत्र आहे. साहाय्य कोठे संपते आणि हस्तक्षेप कोठे सुरू होतो, हा प्रश्न मात्र वारंवार सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. या प्रश्नावरील अनेक महत्त्वाचे निर्णय महाराष्ट्रातील संस्थांच्या खटल्यांतून आले. नवी मुंबईत बेलापूर येथे मुख्यालय असलेली कोकण रेल्वे ही त्यांतील एक प्रमुख संस्था आहे.

संज्ञा

मराठीत 'लवाद' हा शब्द निवाडा करणारी व्यक्ती आणि निवाड्याची पद्धत या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. या लेखात व्यक्तीस 'लवाद', एकापेक्षा अधिक लवाद असल्यास 'लवाद मंडळ' आणि पद्धतीस 'लवादप्रक्रिया' म्हटले आहे. लवादाच्या अंतिम निर्णयास 'निवाडा' म्हणतात. लवादप्रक्रिया ही सलोख्याहून वेगळी आहे. सलोख्यात त्रयस्थ व्यक्ती दोन्ही पक्षांना तडजोडीकडे नेते, परंतु निर्णय लादू शकत नाही. लवादाचा निवाडा मात्र एका पक्षाला मान्य नसला तरी त्यास बंधनकारक असतो.

इतिहास

मराठेशाहीत अनेक तंटे गोतसभा आणि पंचायतीपुढे चालत. पंचांचा निर्णय आपण मान्य करू, असे पक्ष आधी लिहून देत. अशा संमतिपत्रास 'राजीनामा' म्हणत. हरलेल्या पक्षाकडून 'यजितखत' घेतले जाई. निर्णयाचे बळ पक्षांच्या पूर्वसंमतीतून येते, ही आजच्या लवाद कायद्यातील कल्पना त्या काळीही परिचित होती.

पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्यासाठी १८२७ साली विनियमांची संहिता तयार झाली. त्यातील सातवा विनियम लवादाविषयी होता. १८७० च्या दशकात पुणे सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने पुण्यात लवाद कोर्ट सुरू केले. खर्चिक आणि वेळखाऊ कोर्टकचेऱ्यांतून लोकांची सुटका व्हावी, हा त्यामागील हेतू होता. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी १८७९ मध्ये झालेल्या कायद्यातही सलोखा करणाऱ्या अधिकाऱ्यांची तरतूद होती.

भारतीय लवाद अधिनियम, १८९९ हा प्रारंभी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या इलाखा शहरांपुरता होता. इतरत्र दिवाणी प्रक्रिया संहितेतील तरतुदी लागू होत. लवाद अधिनियम, १९४० ने देशांतर्गत लवादासाठी एकत्रित कायदा केला. या कायद्याखाली निवाडा न्यायालयात दाखल करावा लागे आणि न्यायालयाने त्यावर हुकूमनामा केल्यानंतरच त्याची बजावणी होई. त्यामुळे प्रत्येक पायरीवर न्यायालयात जाण्यास वाव राहिला. कोर्ट टाळण्यासाठी निवडलेली वाट पक्षांना पुन्हा कोर्टातच आणून सोडते, अशी कठोर टीका सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये गुरु नानक फाउंडेशन विरुद्ध रतन सिंग या खटल्यात केली.

आर्थिक उदारीकरणानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने १९८५ मध्ये तयार केलेल्या नमुना कायद्याच्या आधारे १९९६ चा अधिनियम करण्यात आला. त्यात २०१५, २०१९ आणि २०२१ मध्ये महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. २०१५ च्या दुरुस्तीस न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाच्या २४६ व्या अहवालाचा आधार होता, तर २०१९ च्या दुरुस्तीस न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या शिफारशींचा. हे दोघेही पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते.

लवाद करार आणि लवादयोग्य वाद

कलम ७ नुसार लवाद करार लेखी असावा लागतो. तो मूळ करारातील एक कलम म्हणून असू शकतो किंवा स्वतंत्र दस्तऐवज म्हणून. पत्रव्यवहारातून किंवा इलेक्ट्रॉनिक संदेशांतूनही तो सिद्ध होऊ शकतो. मूळ करार रद्द किंवा निरर्थक ठरला तरी त्यातील लवादाचे कलम आपोआप संपुष्टात येत नाही.

प्रत्येक वाद लवादाकडे नेता येत नाही. मुंबईतील सदनिकांच्या गहाणासंबंधीच्या बूझ अॅलन विरुद्ध एसबीआय होम फायनान्स (२०११) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याची कसोटी सांगितली. ज्या हक्काचा परिणाम केवळ करारातील पक्षांवर होतो, तो सामान्यतः लवादयोग्य असतो; जो हक्क साऱ्या जगाविरुद्ध सांगितला जातो, तो लवादयोग्य नसतो. त्यामुळे फौजदारी गुन्हे, घटस्फोट, पालकत्व, दिवाळखोरी, मृत्युपत्राची सिद्धता यांसारखे विषय न्यायालयांकडेच राहतात. भाडे नियंत्रण कायद्याखालील वादांचेही तसेच आहे. मुंबईतील नटराज स्टुडिओज विरुद्ध नवरंग स्टुडिओज (१९८१) या खटल्यात असा वाद लघुवाद न्यायालयाच्याच अधिकारातील असल्याचे ठरले. २०२० च्या विद्या द्रोलिया निर्णयाने मात्र, विशेष भाडे कायदा लागू नसेल आणि संबंध केवळ मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाखाली येत असतील, तर असे भाडेवाद लवादाकडे नेता येतात, असे स्पष्ट केले. ग्राहकाच्या बाबतीत, करारात लवादाचे कलम असले तरी त्याचा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग बंद होत नाही, असे एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग (२०१८) या निर्णयाने प्रस्थापित झाले. बांधकाम व्यावसायिकाशी करार करणाऱ्या घरखरेदीदारांच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे.

न्यायालयाची भूमिका: निवाड्यापूर्वी

कलम ५ हे या कायद्याचे मर्म आहे. कायद्यात जेथे स्पष्ट तरतूद आहे, तेवढ्याच बाबतीत न्यायालयाने हस्तक्षेप करावा, असे ते सांगते.

करारात लवादाचे कलम असूनही एका पक्षाने दिवाणी दावा दाखल केला, तर दुसरा पक्ष कलम ८ खाली वाद लवादाकडे पाठवण्याची मागणी करू शकतो. ही मागणी वादाच्या गुणदोषांवरील पहिले लेखी निवेदन करण्याच्या वेळेपर्यंतच करावी लागते. आधी कैफियत देऊन नंतर लवादाची आठवण काढणाऱ्याचा हा हक्क सामान्यतः गेलेला असतो.

वादग्रस्त माल विकला जाण्याचा किंवा पैसे अन्यत्र वळवले जाण्याचा धोका असेल, तर कलम ९ खाली न्यायालय मनाई हुकूम किंवा अन्य अंतरिम संरक्षण देऊ शकते. लवादप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी असा आदेश मिळाल्यास त्यानंतर ९० दिवसांत ती सुरू करावी लागते. लवाद मंडळ स्थापन झाल्यावर अंतरिम आदेशासाठी कलम १७ खाली त्याच्याकडेच जावे, असा कायद्याचा कल आहे. तो उपाय परिणामकारक ठरणार नाही अशी परिस्थिती असेल, तरच न्यायालय तशी मागणी विचारात घेते. २०१५ पासून कलम १७ खालील आदेशांची अंमलबजावणी न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे करता येते.

पक्षांचे लवादाच्या नावावर एकमत झाले नाही, किंवा मागणी मिळाल्यापासून ३० दिवसांत दुसऱ्या पक्षाने आपला लवाद नेमला नाही, तर कलम ११ खाली उच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो. आंतरराष्ट्रीय वाणिज्यिक लवादात हा अर्ज सर्वोच्च न्यायालयाकडे जातो.

लवादाचा निःपक्षपातीपणा ही लवादप्रक्रियेच्या वैधतेची पूर्वअट आहे. कलम १२ नुसार नियोजित लवादाने पक्षांशी किंवा वादाशी असलेले आपले संबंध लेखी उघड केले पाहिजेत. २०१५ मध्ये जोडलेल्या सातव्या अनुसूचीतील संबंध असलेली व्यक्ती, उदाहरणार्थ एका पक्षाचा कर्मचारी, लवाद होण्यास अपात्र असते. वाद उद्भवल्यानंतर पक्षांनी लेखी सूट दिली तरच याला अपवाद होतो. वादात हितसंबंध असलेली व्यक्ती एकमेव लवादाची निवडही करू शकत नाही, असे पर्किन्स ईस्टमन (२०१९) या निर्णयात सांगितले गेले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सरकारी उपक्रमांच्या करारांतील एकतर्फी नेमणुकीची कलमे समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवली. सरकारी खात्याशी करार करताना छापील अटींवर सही करण्यावाचून पर्याय नसलेल्या कंत्राटदारांसाठी हे तत्त्व मोलाचे आहे.

न्यायालयाची भूमिका: प्रक्रिया चालू असताना

आपल्याला अधिकार आहे की नाही, हे लवाद मंडळ कलम १६ नुसार प्रथम स्वतःच ठरवते. ही हरकत त्याने फेटाळली तर लगेच न्यायालयात धाव घेता येत नाही. प्रक्रिया पूर्ण होऊ द्यावी लागते आणि अंतिम निवाड्याला आव्हान देताना तो मुद्दा मांडावा लागतो. हरकत मान्य करून लवाद मंडळाने अधिकार नाकारला, तर मात्र अपील करता येते.

साक्षीदार येत नसेल किंवा दस्तऐवज मिळत नसेल, तर लवाद मंडळ स्वतः, किंवा त्याच्या संमतीने पक्ष, कलम २७ खाली न्यायालयाचे साहाय्य मागू शकतो. साहाय्यक भूमिका या शब्दांचा अर्थ येथे सर्वांत स्पष्ट दिसतो. समन्स न्यायालय काढते, पुरावा लवादापुढे जातो आणि त्याचे मोल लवादच ठरवतो.

देशांतर्गत लवादात निवेदने पूर्ण झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा द्यावा, असे कलम २९ अ सांगते. पक्षांच्या संमतीने ही मुदत आणखी ६ महिन्यांनी वाढते. त्यापुढील वाढ न्यायालयाकडून घ्यावी लागते. मुदत संपून गेल्यावरही असा अर्ज करता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने रोहन बिल्डर्स विरुद्ध बर्जर पेंट्स (२०२४) या खटल्यात दिला. विलंब लवादामुळे झाला असेल, तर न्यायालय त्याच्या शुल्कात कपात करू शकते.

न्यायालयाची भूमिका: निवाड्यानंतर

निवाडा रद्द करण्यासाठी कलम ३४ खाली अर्ज करता येतो. हा अर्ज म्हणजे अपील नव्हे. लवादाने पुराव्याचे मूल्यमापन चुकीचे केले किंवा न्यायाधीशाला कराराचा दुसरा अर्थ अधिक पटला, एवढ्यावर निवाडा रद्द होत नाही. करार अवैध असणे, पक्षाला बाजू मांडण्याची संधी न मिळणे, लवादाने कराराबाहेरील प्रश्नावर निर्णय देणे, वाद लवादयोग्य नसणे किंवा निवाडा भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध असणे, अशी मोजकीच कारणे कायद्यात आहेत.

'सार्वजनिक धोरण' या शब्दांचा अर्थ ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स (२००३) या निर्णयाने विस्तारला आणि 'उघड बेकायदेशीरपणा' हे कारण त्यात आणले. त्यामुळे निवाड्यांची जवळजवळ फेरतपासणी होऊ लागली, अशी टीका झाली. २०१५ च्या दुरुस्तीने हा अर्थ आकुंचित केला. उघड बेकायदेशीरपणाचे कारण आता केवळ देशांतर्गत निवाड्यांना लागू आहे आणि त्यासाठीही पुराव्याची फेरमोजणी करता येत नाही.

निवाडा रद्द करण्याऐवजी न्यायालय त्यात बदल करू शकते काय, हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त होता. २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण विरुद्ध एम. हकीम या खटल्यात त्याचे उत्तर नकारार्थी आले. ३० एप्रिल २०२५ रोजी गायत्री बालासामी खटल्यात घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने बदलाचा मर्यादित अधिकार मान्य केला. निवाड्याचा सदोष भाग वेगळा काढणे, लेखनातील किंवा आकडेमोडीतील उघड चूक सुधारणे, काही प्रसंगी निवाड्यानंतरच्या व्याजात फेरफार करणे, अशा बाबी त्यात येतात.

मुदतीत आव्हान दिले गेले नाही किंवा ते फेटाळले गेले, तर कलम ३६ नुसार निवाड्याची बजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे होते. २०१५ पूर्वी कलम ३४ खाली अर्ज दाखल होताच निवाड्याला आपोआप स्थगिती मिळत असे. आता स्थगिती वेगळी मागावी लागते आणि पैशांच्या निवाड्यात न्यायालय रक्कम जमा करण्यास किंवा तारण देण्यास सांगू शकते. २०१९ मध्ये संसदेने कलम ८७ घालून जुन्या प्रकरणांत आपोआप स्थगितीची स्थिती परत आणली. वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीने त्यास आव्हान दिले. सरकारी संस्थांविरुद्ध निवाडे जिंकूनही पैसे अडकून पडतात आणि त्याच वेळी कंपनीची स्वतःची देणी थांबत नाहीत, हे तिचे गाऱ्हाणे होते. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ८७ घटनाबाह्य ठरवले. मात्र करार किंवा निवाडा लबाडीने वा भ्रष्टाचाराने प्रेरित असल्याचे प्रथमदर्शनी दिसल्यास बिनशर्त स्थगिती द्यावी, अशी तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने आली.

कोकण रेल्वेचे दोन खटले

साहाय्य आणि हस्तक्षेप यांतील सीमा कशी सरकत गेली, हे कोकण रेल्वे महामंडळाच्या दोन खटल्यांतून दिसते. पहिला खटला प्रक्रियेच्या प्रारंभाविषयी आहे आणि दुसरा शेवटाविषयी.

कोकण रेल्वे विरुद्ध राणी कन्स्ट्रक्शन या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने ३० जानेवारी २००२ रोजी असे ठरवले, की कलम ११ खाली लवाद नेमण्याचे मुख्य न्यायमूर्तींचे काम प्रशासकीय स्वरूपाचे आहे. नेमणुकीपूर्वी वाद घालत बसू नये, सर्व हरकती लवादापुढेच जाव्यात, हा त्यामागील विचार होता. २६ ऑक्टोबर २००५ रोजी एसबीपी विरुद्ध पटेल इंजिनिअरिंग या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने ही भूमिका उलटवली आणि हे काम न्यायिक असल्याचे ठरवले. त्यामुळे नेमणुकीच्या टप्प्यावरच अनेक मुद्द्यांची सुनावणी होऊ लागली. २०१५ च्या दुरुस्तीने ही तपासणी लवाद करार अस्तित्वात आहे की नाही, एवढ्यापुरती मर्यादित केली.

त्यानंतरही एक वाट उघडी राहिली, ती मुद्रांक शुल्काची. पुण्याच्या गरवारे वॉल रोप्स कंपनीच्या खटल्यात (२०१९), महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या संदर्भात, पुरेसे मुद्रांक शुल्क न भरलेल्या करारातील लवादाच्या कलमावर न्यायालयास कृती करता येणार नाही, असा निर्णय झाला. एप्रिल २०२३ मध्ये घटनापीठाने बहुमताने तोच मार्ग धरला. १३ डिसेंबर २०२३ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने हे निर्णय मोडीत काढले. शुल्काची उणीव भरून काढता येण्याजोगी असते, तिच्यामुळे करार निरर्थक होत नाही आणि हा प्रश्न लवादानेच पाहावा, असे या पीठाने सांगितले. राणी कन्स्ट्रक्शन खटल्यात ज्या विचाराने सुरुवात झाली होती, त्याच्या बऱ्याच जवळ कायदा सुमारे बावीस वर्षांनी पुन्हा आला.

दुसरा खटला जम्मू-काश्मीरमधील चिनाब पुलाच्या बांधकामाचा आहे. या कामाचे कंत्राट २००४ मध्ये दिले गेले होते. कंत्राटदार समूहाचे काही दावे लवाद मंडळाने फेटाळले. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी निवाडा कायम ठेवला, परंतु कलम ३७ खालील अपिलात खंडपीठाने कराराचा वेगळा अर्थ लावून निवाड्याचा काही भाग रद्द केला. १७ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय रद्द केला. कराराचे दोन अर्थ संभवत असतील आणि लवादाने त्यांपैकी एक वाजवी अर्थ स्वीकारला असेल, तर दुसरा अर्थ अधिक योग्य वाटला म्हणून न्यायालयाने निवाडा बदलू नये, असे तत्त्व त्यात अधोरेखित झाले. कलम ३७ खालील अधिकार कलम ३४ पेक्षा अधिक व्यापक नाहीत, हेही या निर्णयातून स्पष्ट झाले.

लवादाचे स्थान: तुर्भ्याचे उदाहरण

न्यायालयाचे साहाय्य मागायचे तर कोणत्या न्यायालयाकडे, हा प्रश्न व्यवहारात निर्णायक ठरतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे तुर्भे हे ट्रान्स ठाणे खाडी औद्योगिक क्षेत्र आणि मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या घाऊक बाजारांमुळे व्यापारी करारांचे मोठे केंद्र आहे. व्यवहाराच्या दृष्टीने ते मुंबईला जोडलेले असले, तरी न्यायालयीन अधिकारक्षेत्राच्या दृष्टीने ठाणे जिल्ह्यात मोडते. मुंबई उच्च न्यायालयाची मूळ दिवाणी अधिकारिता बृहन्मुंबईपुरती आहे. ती वाशीची खाडी ओलांडून तुर्भ्यापर्यंत येत नाही.

समजा, तुर्भ्यातील एका लघुउद्योजकाने नागपूरच्या खरेदीदारास यंत्रांचे सुटे भाग पुरवले आणि पैशांवरून वाद झाला. करारात लवादाचे स्थान ठाणे असल्यास अंतरिम आदेश आणि निवाड्याला आव्हान यांसाठी ठाण्याच्या जिल्हा पातळीवरील सक्षम न्यायालयात जावे लागेल. स्थान मुंबई असल्यास ही कामे उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत चालतील. स्थान दिल्ली असल्यास, माल तुर्भ्यात तयार झाला आणि नागपुरात पोहोचला तरीही, दिल्लीचे न्यायालय गाठावे लागेल. लवाद नेमण्याचा कलम ११ खालील अर्ज मात्र, स्थान ठाणे असो वा मुंबई, उच्च न्यायालयातच करावा लागतो.

हा नियम इंडस मोबाइल विरुद्ध डेटाविंड (२०१७) या निर्णयात स्पष्ट झाला. त्या व्यवहारातील वादाचे कोणतेही कारण मुंबईत घडलेले नव्हते. तरीही करारात लवादाचे स्थान मुंबई असल्याने केवळ मुंबईच्या न्यायालयांना अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. स्थान आणि बैठकीची जागा यांत फरक आहे. सोयीसाठी सुनावणी वाशीच्या एखाद्या सभागृहात झाली, म्हणून करारात ठरलेले स्थान बदलत नाही. करारात स्थान नमूद नसल्यास ते लवाद मंडळ ठरवते. एका न्यायालयात योग्य रीतीने पहिला अर्ज झाल्यावर पुढील अर्ज तेथेच करावेत, असे कलम ४२ सांगते. कलम ११ खालील अर्ज यात धरला जात नाही.

कराराच्या शेवटच्या पानावरील एका ओळीने कोर्टाचे अंतर, वकिलांचा खर्च आणि लागणारा वेळ ठरतो. लहान व्यावसायिक ही ओळ अनेकदा न वाचताच सही करतात आणि तिचा अर्थ वाद उद्भवल्यावर कळतो.

कायद्याने लागू होणारा लवाद

काही प्रकरणांत लवाद पक्षांच्या करारातून नव्हे, तर कायद्यातून येतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार लघुउद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ही मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. पुरवठादारास कलम १८ खाली सुविधा परिषदेकडे जाता येते. ही परिषद प्रथम समेटाचा प्रयत्न करते आणि तो फसल्यास लवादाद्वारे निर्णय करते. करारात वेगळे लवादाचे कलम असले तरी हा मार्ग खुला राहतो, असे महाकाली फूड्स (२०२२) या निर्णयाने स्पष्ट केले. खरेदीदार देशात कोठेही असला तरी पुरवठादाराच्या भागातील परिषदेस अधिकार असतो. निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदारास रकमेच्या ७५ टक्के आधी जमा करावे लागतात. वरील उदाहरणातील तुर्भ्याच्या उद्योजकासाठी हा मार्ग सामान्य लवादापेक्षा अधिक सोयीचा ठरू शकतो.

राष्ट्रीय महामार्गासाठी संपादित जमिनीचा मोबदला मान्य नसल्यास केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जावे लागते. बहुराज्य सहकारी संस्थांतील वाद २००२ च्या कायद्याच्या कलम ८४ नुसार लवादाकडे जातात. राज्याच्या कायद्याखालील सहकारी संस्थांचे वाद मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ नुसार सहकार न्यायालयापुढे चालतात. ती लवादप्रक्रिया नव्हे.

महत्त्वाच्या मुदती

• लवाद नेमण्याच्या मागणीस प्रतिसाद: ३० दिवस
• अंतरिम आदेशानंतर लवादप्रक्रिया सुरू करणे: ९० दिवस
• दावा व बचावाची निवेदने: लवादास नेमणुकीची सूचना मिळाल्यापासून ६ महिने
• निवाडा (देशांतर्गत): निवेदने पूर्ण झाल्यापासून १२ महिने, संमतीने आणखी ६ महिने
• निवाड्यातील लेखन किंवा आकडेमोडीची चूक सुधारण्याची विनंती: ३० दिवस
• निवाडा रद्द करण्याचा अर्ज: ३ महिने, पुरेसे कारण असल्यास आणखी ३० दिवस, त्यापुढे नाही

शेवटची मुदत सर्वांत कडक आहे. ती केव्हा सुरू होते, हे महाराष्ट्र शासन विरुद्ध एआरके बिल्डर्स (२०११) या निर्णयात सांगितले आहे. लवादाने सही केलेली निवाड्याची प्रत पक्षाला दिल्याच्या दिवसापासून ती मोजली जाते. दुसऱ्या पक्षाकडून मिळालेली छायाप्रत त्यासाठी पुरेशी नसते. शासनालाही मुदतीत सवलत नाही. महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाच्या बोरसे ब्रदर्स खटल्यात (२०२१), कलम ३७ खालील अपिलात अल्प विलंबच आणि तोही अपवाद म्हणून माफ होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

टीका

लवादप्रक्रिया स्वस्त आणि जलद असते, हे तिचे पारंपरिक समर्थन आहे. लहान रकमांच्या वादात ते नेहमी खरे ठरत नाही. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील नमुना दरानुसार ५ लाख रुपयांपर्यंतच्या वादात शुल्क ४५,००० रुपये आहे. हे शुल्क प्रत्येक लवादासाठी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे तीन लवाद असल्यास ते १,३५,००० रुपये होते. त्यात वकिलांचा आणि जागेचा खर्च मिळवला, तर वादातील रकमेचा मोठा भाग प्रक्रियेतच खर्ची पडतो. निवाड्यानंतर कलम ३४, कलम ३७ आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय अशा पायऱ्या शिल्लक राहतात. चिनाब पुलाच्या खटल्यात निवाडा लवाद मंडळाकडून निघाल्यावर आणखी तीन न्यायालयीन टप्प्यांतून गेला.

दुसरी टीका कायद्याच्या अस्थैर्यावर आहे. लवाद नेमताना न्यायालयाने काय पाहावे, या एका प्रश्नाचे उत्तर २००२, २००५, २०१५ आणि २०२३ मध्ये बदलले. त्या त्या काळात करार करणाऱ्या पक्षांना पुढे कोणता नियम लागू होईल, याचा अंदाज बांधणे कठीण होते. मुंबईत २०१६ मध्ये मुंबई आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र सुरू झाले. अशा संस्थांच्या निश्चित नियमांमुळे नेमणूक, शुल्क आणि वेळापत्रक यांविषयीचे वाद कमी होऊ शकतात. तथापि, नियम कोणतेही असले तरी निवाड्याची रक्कम अखेर न्यायालयाच्या बजावणीनेच वसूल होते. त्यामुळे लवादप्रक्रियेचा वेग बऱ्याच अंशी तिला साहाय्य करणाऱ्या न्यायालयांच्या वेगावरच अवलंबून राहतो.